एका घराण्याचे आकाश

नोव्हेंबरच्या अखेरीस आकाश स्वच्छ झालेले असते, थंडी नुकती पडू लागलेली असते. रात्री नऊच्या सुमारास शहरापासून थोडे दूर, उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले तर एक अख्खे राजघराणे समोर येते. मध्यभागी, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण निम्म्यावर, पाच ताऱ्यांचा इंग्रजी ‘एम’सारखा आकार दिसतो. ती शर्मिष्ठा, ग्रीकांची राणी कॅसिओपिया. तिच्या डावीकडे खाली मंद ताऱ्यांचा एक पंचकोन आहे. तो वृषपर्वा, म्हणजे तिचा नवरा राजा सेफियस. उजवीकडे ईशान्येला ययाति वर चढत असतो. ग्रीक त्याला पर्सियस म्हणतात. डोक्यावर, जरासा पश्चिमेकडे कललेला चार ताऱ्यांचा मोठा चौकोन महाश्वाचा. त्याच्या एका कोपऱ्यापासून ययातीच्या दिशेने निघालेली ताऱ्यांची ओळ म्हणजे देवयानी, राजकन्या अँड्रोमेडा. आता पाठ फिरवून दक्षिणेकडे पाहिले की विस्तीर्ण पण अंधूक तिमिंगल पसरलेला दिसतो. राजकन्येला गिळायला आलेला सागरी राक्षस तो हाच.

महाश्वाचा चौकोन पंचांग पाहणाऱ्यांना वेगळ्या ओळखीने ठाऊक असतो. त्यातले पश्चिमेकडचे दोन तारे म्हणजे पूर्वा भाद्रपदा आणि पूर्वेकडचे दोन म्हणजे उत्तरा भाद्रपदा. भाद्रपदाची पौर्णिमा या चौकोनाच्या आसपास होते, म्हणून त्या महिन्याला ते नाव. तिमिंगल सोडला तर बाकीच्या तारकासमूहांची मराठी नावे महाभारतातल्या ययातीच्या आख्यानातून आलेली आहेत, पण नाती तीच नाहीत. आपली शर्मिष्ठा वृषपर्व्याची मुलगी, तर ग्रीक कथेत त्या जागी राजाची राणी आहे. म्हणून पुढे कथा सांगताना ग्रीक नावे वापरतो आणि आकाश दाखवताना मराठी.

आज जगभर मान्य असलेले तारकासमूह 88 आहेत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने 48 नोंदवून ठेवले होते. पण एकाच कथेतली सहा पात्रे आकाशाच्या एकाच भागात अशी एकत्र आलेली दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत.

कथा सुरू होते ती एका भविष्यवाणीने. आर्गॉसचा राजा अॅक्रिसियस याला सांगण्यात आले होते, की तुझा नातू तुझा जीव घेईल. त्याला एकच मुलगी होती, डॅनाई. तिला त्याने काशाच्या कोठडीत कोंडले. देवांचा राजा झ्यूस सोन्याच्या पावसाच्या रूपाने त्या कोठडीत शिरला आणि डॅनाईला मुलगा झाला. तोच पर्सियस. रक्ताच्या नात्यातली हत्या अंगावर घेण्याची आजोबाची छाती झाली नाही. त्याने मायलेकरांना लाकडी पेटीत घालून समुद्रात सोडून दिले. पेटी सेरिफॉस बेटाला लागली. डिक्टिस नावाच्या कोळ्याने ती ओढून घेतली आणि दोघांना आसरा दिला. बेटाचा राजा पॉलिडेक्टिस याचा मात्र डॅनाईवर डोळा होता. वयात आलेला मुलगा आड येऊ लागला, तेव्हा राजाने त्याला जिवावरच्या कामगिरीवर धाडले: मेड्युसाचे मुंडके घेऊन ये.

मेड्युसा ही तीन गॉर्गन बहिणींपैकी एक. डोक्यावर केसांऐवजी साप, आणि तिच्याकडे पाहणारा जागच्या जागी दगड होणार. तिघींत मर्त्य असलेली ती एकटीच. पर्सियसला देवांनी मदत केली. अथीनाने लखलखीत ढाल दिली, हर्मिसने कोयता. पंख असलेल्या वहाणा, अदृश्य करणारी टोपी आणि मुंडके ठेवायची झोळी हेही त्याला मिळाले. मेड्युसाकडे थेट न पाहता, ढालीतले प्रतिबिंब बघत त्याने वार केला. तुटलेल्या मानेतून पेगासस हा पंख असलेला घोडा उसळून बाहेर आला. आकाशातला महाश्व तो. पर्सियस त्याच घोड्यावर बसून निघाला असे पुष्कळ चित्रांत दाखवतात. जुन्या कथेत तसे नाही. तिथे तो आपल्या वहाणांच्या जोरावर उडतो, आणि घोडा त्याच्या वाट्याला येतच नाही.

परतीच्या वाटेवर त्याला समुद्रकाठच्या खडकाला साखळदंडांनी जखडलेली मुलगी दिसली. ती इथिओपियाची राजकन्या अँड्रोमेडा. ग्रीकांचा इथिओपिया म्हणजे आजचा देश नव्हे, दक्षिणेकडचा दूरचा मुलूख एवढाच त्याचा अर्थ. तिची आई कॅसिओपिया हिने आपले सौंदर्य सागरकन्यांपेक्षा सरस असल्याची बढाई मारली होती. काही कथनांत ती मुलीच्या रूपाची बढाई मारते. सागरकन्या रुसल्या, समुद्रदेव पोसायडन खवळला. त्याने किनाऱ्यावर पूर लोटला आणि एक अजस्र जलचर सोडला. राजाने आमोन देवाचा कौल घेतला. उत्तर मिळाले: मुलीला राक्षसाच्या तोंडी दे, तरच राज्य वाचेल. प्रजेने तगादा लावला, आणि बापाने मुलीला खडकाला बांधले.

या कथेत सेफियसची मला सर्वांत जास्त चीड येते. बढाई बायकोची, राग देवाचा, आणि साखळदंड मुलीच्या हातात. त्यातही मुलीचे वाग्दान आधीच झालेले होते, तेही तिच्या सख्ख्या चुलत्याशी, सेफियसचा भाऊ फिनियस याच्याशी. राक्षस येताना दिसत होता तेव्हा हा फिनियस कुठेच नव्हता. पर्सियसने राजाकडून मुलीचा हात कबूल करून घेतला, राक्षसाला मारले आणि लग्न लागले. मग मात्र फिनियस माणसे घेऊन मांडवात शिरला. पर्सियसने झोळीतून मुंडके बाहेर काढले आणि चुलता व त्याचे साथीदार दगड होऊन राहिले. सेरिफॉसला परतल्यावर पॉलिडेक्टिसचीही हीच गत झाली. भविष्यवाणीही शेवटी खरी ठरली. लारिसा इथल्या खेळांत पर्सियसने फेकलेली थाळी एका म्हाताऱ्या प्रेक्षकाला लागली आणि तो दगावला. तो अॅक्रिसियस होता.

अँड्रोमेडाला स्वतःला काय वाटले, हे विचारणारा एक नाटककार निघाला. इसवी सनापूर्वी 412 मध्ये युरिपिडीसचे तिच्यावरचे नाटक अथेन्सच्या रंगभूमीवर आले. ते आज फक्त तुकड्यांत उरले आहे, पण सुरुवात कळते. खडकाला बांधलेली मुलगी रात्रीला उद्देशून बोलते आणि गुहेतला प्रतिध्वनी तिला साथ देतो. वडील नाहीत, प्रियकर नाही, गर्दी नाही, पहिला शब्द तिचा. नाटक इतके गाजले, की पुढच्याच वर्षी अॅरिस्टोफनीसने आपल्या विनोदी नाटकात त्याची यथेच्छ नक्कल केली.

तो खडक नेमका कुठला, यावरही प्राचीन लोकांचे ठाम मत होते. आज तेल अवीवला लागून असलेले जाफा बंदर ही ती जागा मानत. तिथे साखळदंडांच्या खुणा दाखवल्या जात, असे पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस लिहितो. बंदराबाहेरच्या खडकांना अँड्रोमेडाचे नाव आजही आहे. याहून नवलाची नोंद रोमन लेखक प्लिनीची. मार्कस स्कॉरस या रोमन अधिकाऱ्याने त्या राक्षसाची हाडे जाफाहून रोमला आणून लोकांना दाखवली. सांगाडा 40 फूट लांब, बरगड्या हिंदुस्थानातल्या हत्तीपेक्षा उंच आणि कणा दीड फूट जाड होता, अशी मापे प्लिनीने दिली आहेत. देवमाशाचा सांगाडा असावा असा तर्क करता येतो. रोमच्या लोकांसाठी मात्र ती कथेची साक्ष होती.

देवांनी मग सगळ्यांना आकाशात नेऊन बसवले. राणीला मात्र शिक्षा म्हणून ध्रुवाजवळ सिंहासनावर बसवले, म्हणजे फिरता फिरता ती अर्धा वेळ उलटी लटकणार. आज अथेन्सहून पाहिले तर शर्मिष्ठेचे पाचही तारे कधीच मावळत नाहीत. ध्रुवताऱ्याच्या वर ती सरळ दिसते, खाली उलटी. पण इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीक कवी आराटसने आकाशावर दीर्घ काव्य रचले, तेव्हा पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे हे तारे ध्रुवापासून आजच्यापेक्षा सुमारे बारा अंश दूर होते आणि राणीचा बराच भाग क्षितिजाखाली बुडत असे. म्हणूनच आराटसची राणी पाणबुड्यासारखी डोके खाली करून सूर मारते. महाराष्ट्रातून तर ती आजही पुरती मावळते. पुण्याचे अक्षांश साडेअठरा, त्यामुळे ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर असतो आणि त्याच्याखाली राणीला उलटे लटकायला जागाच उरत नाही. तिची शिक्षा बघायची तर उत्तरेकडच्या देशांत जावे लागते.

आकाशात बसवणे म्हणजे कायमचे करणे, ही त्यामागची समजूत. अॅरिस्टॉटलने तिला तत्त्वज्ञानाचा आधार दिला. चंद्राच्या अलीकडे बदल, जन्म, नाश. चंद्राच्या पलीकडे काहीही बदलत नाही. जवळजवळ दोन हजार वर्षे युरोपने हे मानले. आणि हे मानणे चुकीचे होते, हे माणसाला पहिल्यांदा शिकवले ते याच घराण्याने.

11 नोव्हेंबर 1572 च्या संध्याकाळी 25 वर्षांचा टायको ब्राहे डेन्मार्कच्या राज्यातल्या एका मठातल्या रसशाळेतून जेवायला परतत होता. सवयीने त्याने वर पाहिले आणि शर्मिष्ठेच्या ताऱ्यांजवळ एक लखलखीत तारा दिसला. लहानपणापासून आकाश पाठ असलेल्या या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने बरोबरच्या नोकरांना विचारले: तिथे काही दिसते का? मग रस्त्याने गाडीतून जाणाऱ्या शेतकऱ्यांनाही विचारले. सगळ्यांना दिसत होता. पुढे तो शुक्राएवढा तेजस्वी झाला आणि ज्यांची नजर तीक्ष्ण होती त्यांना भर दिवसाही दिसू लागला.

खरी कामगिरी पुढची आहे. तारा चंद्राच्या अलीकडे असेल तर पृथ्वी फिरते तशी, रात्र सरता सरता, शेजारच्या ताऱ्यांपासूनचे त्याचे अंतर थोडे बदललेले दिसायला हवे. चंद्राचे तसे होते. टायकोने स्वतः घडवलेल्या मोठ्या कोनमापकाने शर्मिष्ठेच्या ताऱ्यांपासून नवागताचे कोन पुन्हा पुन्हा मोजले. फरक शून्य. म्हणजे तारा चंद्राच्या पलीकडे होता आणि पलीकडचे आकाश बदलत होते. 1573 मध्ये त्याने हे पुस्तकरूपाने मांडले. 1574 च्या वसंतापर्यंत तारा विझून दिसेनासा झाला. तो श्वेतबटू ताऱ्याचा स्फोट होता. त्याचा मूळ प्रकाश आंतरतारकीय धुळीवर आदळून आजही आपल्याकडे उशिरा पोचतो आहे, आणि त्या परावर्तित प्रकाशाचा वर्णपट 2008 मध्ये तपासला तेव्हा स्फोटाचा प्रकार पक्का झाला.

टायकोच्या नव्या ताऱ्यानंतर 24 वर्षांनी, 1596 मध्ये, डेव्हिड फॅब्रिशियस या धर्मोपदेशकाने राक्षसाच्या, म्हणजे तिमिंगलाच्या, मानेतला एक तारा उजळताना आणि मग नाहीसा होताना पाहिला. हा तारा अकरा महिन्यांच्या फेऱ्यात पुन्हा पुन्हा येतो, असे पुढे कळले. आज त्याला मीरा म्हणतात.

पर्सियसच्या हातातले मेड्युसाचे मुंडके आकाशात अल्गोल या ताऱ्याने दाखवले जाते. मराठीत त्याला मायावती असेही नाव आहे. त्याचे तेज कमीजास्त होते हे इटलीतल्या मोंतानारीने सतराव्या शतकात नोंदवले होते, पण ते कसे आणि किती वेळाने, हे शोधले जॉन गुडरिकने. लहानपणी तापात त्याची श्रवणशक्ती गेली होती. यॉर्कमध्ये राहताना नातेवाईक आणि शेजारी असलेल्या एडवर्ड पिगॉटबरोबर तो तारे पाहू लागला. 12 नोव्हेंबर 1782 च्या रात्री अल्गोल नेहमीपेक्षा स्पष्ट मंद दिसला. मग त्याने जमेल त्या रात्री त्याची शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून नोंदी ठेवल्या. निष्कर्ष असा: दर 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी अल्गोल मंदावतो. त्याने कारणही सुचवले, की एखादे काळे बिंब त्याच्याभोवती फिरत त्याला झाकत असावे. विशीही न ओलांडलेल्या या मुलाला लंडनच्या रॉयल सोसायटीने 1783 चे कोप्ले पदक दिले. काळे बिंब म्हणजे एक मंद जोडीदार तारा, हे शंभर वर्षांनी, 1889 मध्ये, वर्णपटावरून सिद्ध झाले.

गुडरिक तिथेच थांबला नाही. 1784 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने वृषपर्व्यातल्या, म्हणजे त्या दुबळ्या राजाच्या, एका साध्याशा ताऱ्याची नोंद केली. डेल्टा सेफी हे त्याचे नाव. तो झपाट्याने उजळतो, सावकाश मंदावतो आणि 5 दिवस 9 तासांत एक फेरी पुरी करतो. हे ग्रहण नव्हे. तारा स्वतःच फुगतो आणि आकसतो. एप्रिल 1786 मध्ये गुडरिक वारला. वय 21. रॉयल सोसायटीने सदस्य म्हणून निवडल्याला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते.

त्या ताऱ्याचे मोल कळायला एकशेवीसपेक्षा जास्त वर्षे लागली. हार्वर्ड वेधशाळेत काचेच्या छायापट्ट्या तपासण्याचे काम करणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनाही ऐकू येत नसे. दक्षिण आकाशातल्या छोट्या मॅगेलॅनिक मेघात डेल्टा सेफीसारखे धडधडणारे तारे त्यांनी शोधले आणि 1912 मध्ये अशा 25 ताऱ्यांवरून एक नियम मांडला: ज्याची फेरी लांब, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. मेघातले सगळे तारे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर असल्यामुळे हा संबंध त्यांना उघड दिसला. रस्त्यावरचा दिवा किती वॅटचा आहे हे माहीत असेल, तर तो किती मंद दिसतो यावरून किती लांब आहे ते सांगता येते. आता ताऱ्यांचे वॅट नुसत्या घड्याळाने कळणार होते.

हा नियम राजकन्येच्याच कामी आला. देवयानीच्या कमरेजवळ काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी एक पुसट धूसर ठिपका दिसतो. इराणचा खगोलज्ञ अल्-सूफी याने 964 मध्ये त्याची छोटा ढग म्हणून नोंद केली. सायमन मारियसने 1612 मध्ये दुर्बिणीतून पाहिले तेव्हा त्याला शिंगाच्या पातळ पापुद्र्यातून दिसणारी मेणबत्ती आठवली. तो ढग आपल्याच आकाशगंगेत आहे की बाहेर, यावर एप्रिल 1920 मध्ये वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस या खगोलज्ञांचा वाद झाला. निकाल लागला नाही.

ऑक्टोबर 1923 मध्ये माउंट विल्सनच्या 100 इंची दुर्बिणीने एडविन हबलने देवयानीच्या त्या ढगाचे छायाचित्र घेतले. नवतारा वाटलेल्या एका ठिपक्यापाशी त्याने ‘एन’ हे अक्षर लिहिले होते. जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर ते खोडले आणि शेजारी लाल शाईत ‘व्हार’, म्हणजे चल तारा, असे लिहून पुढे उद्गारचिन्ह दिले. तो डेल्टा सेफीच्या जातीचा तारा होता, फेरी 31 दिवसांची. लेविट यांचा नियम लावला तेव्हा अंतर आले सुमारे 9 लाख प्रकाशवर्षे. शॅप्लीच्या हिशेबाने आकाशगंगेचा सगळा पसारा 3 लाख प्रकाशवर्षांचा होता. म्हणजे ढग बाहेरचा, दुसरीच एक दीर्घिका. 1 जानेवारी 1925 रोजी हबलचा निबंध वॉशिंग्टनच्या परिषदेत वाचला गेला आणि आपली आकाशगंगा हेच सगळे विश्व, ही कल्पना संपली.

मुलीला खडकाला बांधणाऱ्या बापाच्या एका ताऱ्याने मुलीचे अंतर मोजून दिले, याचे मला आजही नवल वाटते. लेविट यांना मात्र हे पाहायला मिळाले नाही. त्या 1921 मध्ये वारल्या होत्या. मोजमाप पुढे सुधारले. दुसऱ्या महायुद्धात माउंट विल्सनजवळच्या लॉस एंजलिसचे दिवे मालवलेले असताना वॉल्टर बाडे याने देवयानी दीर्घिकेतले तारे बारकाईने पाहिले. अशा धडधडणाऱ्या ताऱ्यांच्या दोन जाती आहेत हे त्याने 1952 मध्ये दाखवले आणि अंतर एकदम दुप्पट झाले. आजचा आकडा सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे.

राहिला पेगासस. 1995 मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी महाश्वातल्या 51 पेगासी या ताऱ्याभोवती एक ग्रह शोधला. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती सापडलेला हा पहिला ग्रह, वर्ष फक्त सव्वाचार दिवसांचे. 2019 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा या शोधाला मिळाला.

या साऱ्यांत उपकरणाशिवाय, गच्चीवर बसून स्वतः तपासता येईल असा बदल अल्गोलचा. नेहमी तो देवयानीच्या पायाच्या ताऱ्याइतका तेजस्वी असतो. ग्रहण लागले की पाचेक तासांत त्याचे तेज तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि पुढच्या पाच तासांत पूर्ववत होते. म्हणून दर तासाला या दोन ताऱ्यांची तुलना करावी आणि वेळ लिहून ठेवावी. तीन रात्रींनंतरचे ग्रहण आधीच्यापेक्षा सुमारे तीन तास दहा मिनिटे लवकर येते. एखाद्या दिवशी मध्यरात्री अल्गोल सर्वांत मंद झालेला दिसला, तर पुढच्या खेपेला ती वेळ रात्री नऊच्या दहा मिनिटे आधी येईल, आणि त्यापुढच्या खेपेला संध्याकाळी पावणेसहाच्या आसपास, तारे दिसू लागण्याआधीच. त्यानंतर काही दिवस मंद होण्याची वेळ दिवसाउजेडी पडते, आणि मग पुन्हा पहाटेच्या ग्रहणापासून मोजणी सुरू करता येते.